पितळी कोपऱ्यांची यादी

अप्पांना सगळे अप्पाच म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, भाजीवाला म्हणे, बँकेतली बाई म्हणे. फक्त त्यांची थोरली बहीण त्यांना पिंट्या म्हणायची, आणि तेही भर गर्दीच्या वेळी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. "पिंट्या, मासा थंड होतोय!" मग पन्नाशी उलटलेला, काळा कोट घातलेला, हातावर पांढराशुभ्र नॅपकिन टाकलेला हा भारदस्त माणूस मुकाट्याने मासा उचलायला जायचा. नेहमीची गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसायची.

रेस्टॉरंट वडिलांचं. ते गेल्यावर दोघा भावंडांनी चालवायला घेतलं, आणि वाटणी आपोआप झाली. खिडकीच्या आतलं सगळं ताईचं, बाहेरचं सगळं अप्पांचं. आत काय शिजतं यात अप्पांनी कधी नाक खुपसलं नाही. बाहेर टेबलं कशी लावायची, पडदे कुठले, याच्याशी ताईला काही देणंघेणं नव्हतं. दोघांचं वाजायचं ते फक्त एका गोष्टीवरून, अप्पांच्या वाइनच्या यादीवरून.

यादी म्हणजे साधी यादी नव्हे. कातडी बांधणीचा, पितळी कोपऱ्यांचा, आत रेशमी फीत असलेला तो एक ग्रंथच होता. दरवर्षी अप्पा त्यात भर घालत. कुठल्या डोंगरउतारावरची द्राक्षं, कुठल्या साली पाऊस कमी पडला, कुठल्या घराण्याची कितवी पिढी, सगळं वळणदार अक्षरात छापून घेत. उंचापुरा वाढपी लंबू ती यादी दोन्ही हातांवर आडवी धरून टेबलापाशी आणायचा, झोपलेलं मूल आणावं तशी. लंबू या घरात वडिलांच्या वेळेपासून होता. केस पिकले तरी नाव लंबूच राहिलं होतं.

यादी टेबलावर आली की माणसांचा आवाज खाली यायचा. चार पानं उलटायची, एकमेकांकडे बघायचं, आणि मग हळूच, "अप्पा, तुम्हीच सांगा ना." अप्पांना हे फार आवडायचं. लोकांचा आपल्यावर विश्वास आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता.

दाराशी एक चकचकीत पाटी होती. रेस्टॉरंटवाल्यांची एक संघटना उत्तम वाइन-यादीचा मान देत असे, आणि तो बरीच वर्षं अप्पांकडेच येत होता. यादी टपालाने पाठवायची, तिकडे कुणीतरी ती वाचायचं आणि इकडे पाटी यायची. संघटनेची माणसं जेवायलाही यायची म्हणा, पण ती ताईच्या हातचं भाजलेलं कोकरू खायला.

"तुझ्या त्या पोथीने माझं टेबल डुगडुगतं," ताई म्हणायची. "सूप सांडतं लोकांचं. आणि त्यातल्या निम्म्या बाटल्या मागितल्या की लंबू सांगतो, संपली आहे. मी मेनूवर मासा लिहून ‘संपला’ म्हणत बसले तर लोक मला उभं करतील का दारात?"

"ताई, तुला त्यातलं कळत नाही."

"कळत नाही तेच बरं आहे," असं म्हणून ती खिडकी लावून घ्यायची.

एका रविवारी दुपारी मोठं टेबल आधीच राखून ठेवलेलं होतं. फोनवर एका मुलीने सांगितलं होतं की तिचे बाबा शहराच्या बसवर चालक होते, आता निवृत्त झालेत, आणि त्यांना आणि त्यांच्या डेपोतल्या दोस्तांना तिला चांगलं जेवू घालायचंय. मंडळी वेळेवर आली. बाबा रुंद खांद्यांचे, नवाकोरा शर्ट घातलेले. शर्टावर खोक्यातल्या घड्या अजून तशाच होत्या. दोस्त मंडळी आधी जरा बिचकून बसली, मग ब्रेड आणि लोणी आल्यावर सैलावली.

लंबूने यादी आणली. चालकसाहेबांनी ती मधूनच उघडली, एक पान वाचलं, कपाळावरून हात फिरवला आणि मुलीकडे सरकवली. मुलीने सरळ शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवलं.

"आज बाबांचा दिवस आहे. ही आणा."

अप्पांचा चेहरा खुलला. त्यांच्याकडची ती सगळ्यात जुनी बाटली होती. कितीक वर्षं ती कुणी मागितलीच नव्हती. त्यांनी ती स्वतः जाऊन आणली, धूळ पुसली, लेबल सगळ्यांना दाखवलं, द्राक्षमळ्याची हकिकत सांगितली. बूच अगदी आवाज न करता काढलं आणि रिवाजाप्रमाणे चालकसाहेबांच्या ग्लासात घोटभर ओतली. टेबल चिडीचूप. चालकसाहेबांनी औषधाचा प्याला धरावा तसा ग्लास धरला आणि घोट घेतला. त्यांचे डोळे क्षणभर बारीक झाले. अप्पांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, माणूस भारावला.

"कशी आहे?"

"छान," चालकसाहेब म्हणाले. मग सगळे आपल्याकडेच बघताहेत हे लक्षात येऊन म्हणाले, "एकदम छान. वा!"

अप्पांनी सगळ्यांचे ग्लास भरले. तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरून वकीलसाहेबांनी हाक मारली. हे वकीलसाहेब अप्पांचं सगळ्यात वजनदार गिऱ्हाईक. आपल्या अशिलांना घेऊन यायचे आणि यादीतली अवघड नावं मोठ्याने वाचून दाखवायचे. अप्पा तिकडे गेले ते तिकडेच अडकले.

मोठ्या टेबलावर जेवण रंगलं. हशा पिकत होता. कुठल्याशा घाटात बस बंद पडल्याची गोष्ट दोनदा सांगून झाली. जाताना चालकसाहेबांनी अप्पांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आयुष्यात पहिल्यांदा असं काही प्यायलो, साहेब." आणि जरा संकोचून, "ते बूच मी नेऊ का? आठवण म्हणून."

अप्पांनी बूच नॅपकिनने पुसून त्यांच्या हातात ठेवलं. दारापर्यंत पोचवायला गेले.

परत आले तर लंबू टेबल आवरत होता. बाटलीच्या तळाशी बोटभर वाइन उरली होती. इतकी वर्षं जपलेली बाटली, आणि आपण स्वतः तिचा थेंबही चाखलेला नाही, हे अप्पांच्या ध्यानात आलं. त्यांनी एका स्वच्छ ग्लासात ती ओतली, सवयीने ग्लास जरा गोल फिरवला आणि नाकाशी नेला. नेला तसा थांबले. तरीही एक घोट घेतलाच. पुढच्या क्षणी त्यांनी तो नॅपकिनमध्ये थुंकला.

"काय झालं?" लंबूने विचारलं.

अप्पांनी ग्लास त्याच्यापुढे धरला. लंबूने हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "हे तर व्हिनेगर आहे. ताई भांडी घासायला घेतात ते."

"त्यांनी आपापले ग्लास संपवले, लंबू."

"हो ना. एकाच्याही ग्लासात थेंब राहिलेला नाही."

अप्पा खुर्ची ओढून बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं नाही हा त्यांचाच नियम होता. पाच-सहा धडधाकट माणसं अख्खं जेवणभर व्हिनेगर घोटत बसली होती, आणि वर ‘वा’ म्हणून, हात मिळवून, बूच खिशात घालून गेली होती. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता. आणि आपण? बूच काढल्यावर नुसतं नाकाशी धरलं असतं तरी कळलं असतं. तरुणपणी ते प्रत्येक बाटली आधी हुंगत, मगच पुढे करत. ही सवय कधी सुटली ते त्यांना आठवेना. लेबलच वाचायला लागलो तेव्हा, बहुतेक.

ते उठले आणि जिन्यामागच्या खोलीत गेले. बाटल्या तिथे असत. सगळ्यात मौल्यवान बाटल्या आतल्या भिंतीच्या फळीवर, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. त्यांनी सहज भिंतीवर हात टेकला आणि चटकन काढून घेतला. भिंत पोळत नव्हती, पण चांगली उबदार होती.

"ताई!"

ताई पिठाळ हातांनी आली.

"ही भिंत गरम आहे."

"आहेच. नवी भट्टी बसवली तेव्हापासून आहे. तिची पाठ इकडेच येते ना." ताईने खालच्या फळीवरचं ओलं फडकं उचललं. खाली परातीत पावाची कणीक टम्म फुगली होती. "इथे काय सुरेख फुगते माहितीये? थंडीतसुद्धा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, ताई, माझ्या खोलीत तुझ्या पराती ठेवू नकोस. म्हणून मग तू गिऱ्हाइकांत गुंतलास की ठेवायचे."

ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, हात पदराला पुसले आणि विचारलं, "काय झालंय, पिंट्या?" मग त्यांनी सगळं सांगितलं. ताईने एकदाही मध्ये टोमणा मारला नाही. अप्पांना तेच जास्त लागलं.

त्यानंतरच्या दुपारी त्या खोलीत गेल्या. लंबू बुचं काढायचा, अप्पा हुंगायचे, ताई बादली घेऊन उभी असायची. भिंतीच्या फळीवरच्या जवळपास सगळ्या बाटल्या त्या उबेने बिघडलेल्या निघाल्या. पाटीवरचा मान ज्यांच्यामुळे मिळाला त्याच नेमक्या. समोरच्या बाजूच्या साध्यासुध्या बाटल्या मात्र ठणठणीत होत्या. मधूनच एखादी जुनी बाटली चांगली निघायची, आणि अप्पा आनंदाने तिच्याकडे बघत असतानाच ताई म्हणायची, "उघडलीच आहे तर दे, रश्शात घालते."

या सगळ्यात एक काम अप्पा पुढे ढकलत होते. शेवटी एके सकाळी त्यांनी त्या मुलीला फोन लावला. नाव सांगताच ती घाबरली.

"काही चुकलं का आमचं? बाबांच्या मित्राने ग्लास वगैरे फोडला का?"

"नाही हो. चूक आमची आहे. मला तुमच्या बाबांना भेटायचंय."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. चालकसाहेब गॅलरीत लाकडी खुर्चीला व्हार्निश लावत बसले होते. आतल्या काचेच्या कपाटात, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या स्मृतिचिन्हाशेजारी, ते बूच ठेवलेलं होतं. अप्पांची नजर त्यावर गेली आणि पाठ करून आणलेली वाक्यं त्यांनी सोडून दिली. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. बाटली खराब होती, मी हुंगून बघायला हवी होती, बघितली नाही, माफ करा.

चालकसाहेबांचा कुंचला थांबला. "म्हणजे खराब होती."

"हो."

"आणि मी ‘वा’ म्हणालो."

"तुम्ही तरी काय म्हणणार? मी तुमच्यापुढे उभा..."

"थांबा. तुम्हाला माझ्या तोंडावर दिसलं नाही? मी कशीबशी गिळत होतो. आमचा दोस्त टेबलाखालून मला लाथ मारत होता. मीच त्याला म्हटलं, गप पी, भारी असते ती अशीच असते." त्यांचा आवाज चढला होता. "अहो, मी डेपोत जाऊन सगळ्यांना सांगून आलो. पोरीने मला असली वाइन पाजली म्हणून. आता काय सांगू, व्हिनेगर पाजलं?"

"तुम्ही तेव्हाच म्हणाला असता तर मी लगेच..."

"कुणाला म्हणणार? त्या पुस्तकाला?"

चालकसाहेब पुन्हा खुर्चीकडे वळले आणि एकाच पायाला परत परत व्हार्निश लावत राहिले. अप्पा उगाच उभे राहिले. मुलीने चहा आणला. तो त्यांनी उभ्या उभ्याच घेतला. त्या बाटलीचे पैसे ते पाकिटात घालून घेऊन आले होते. मुलीने ते सरळ घेतले.

"हे मी घेणार," ती म्हणाली. "पुन्हा जेवायला यायचं की नाही ते मात्र बाबांचं बाबा ठरवतील. तुम्हाला खरं सांगू? मी शेवटच्या पानावर बोट का ठेवलं माहितीये? मला त्यातलं काहीच कळत नव्हतं आणि तुम्ही डोक्यावर उभे होतात. शेवटची सगळ्यात चांगली असेल असं वाटलं."

"पुन्हा या एवढंच म्हणतो," अप्पा गॅलरीकडे बघून म्हणाले.

"बघू," गॅलरीतून उत्तर आलं.

घरी येऊन त्यांनी ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "रागावला ना? बरं झालं. गोड बोलला असता तर आठवड्याभरात तू सगळं विसरला असतास."

नवी यादी लिहायला अप्पा बसले. पुष्कळ काटछाट करून, मनावर दगड ठेवून त्यांनी ती चार पानांवर आणली आणि स्वयंपाकघरात नेऊन ताईच्या हातात दिली. ताईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"‘ओल्या दगडी पाटीचा गंध, मागाहून जुन्या चामड्याची मंद आठवण.’" तिने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. "पिंट्या, ही प्यायचीये की पायात घालायचीये?"

लंबू एप्रनमध्ये तोंड खुपसून हसला. अप्पांनी कागद हिसकून घेतला. ते तडक बाहेर गेले. पण ताई त्यांच्या मागे आली, हॉलमध्ये, जिथे ती सहसा पाऊल ठेवत नसे.

"मी मासा करते, तर त्यात लिंबू किती ते मासा खाऊन ठरवते. तुझी वाइन लोक कशाबरोबर पितात? माझ्या जेवणाबरोबर. मग आपणही जेवताना पिऊ. तू, मी, लंबू. तिघांना पटली तर ठेवायची."

तसं सुरू झालं. दुपारची गर्दी ओसरली की मागच्या टेबलावर तिघं बसत. एक पदार्थ, दोन-तीन बाटल्या. पहिल्याच दिवशी अप्पांची लाडकी लाल वाइन माशाबरोबर घेतली, तर माशाची चवच बेपत्ता. लोखंड चाटल्यासारखं लागलं. अप्पांनी ती माशाबरोबर कित्येकांना सुचवली होती. मग मशरूमच्या सुपाबरोबर त्यांनी नुसतीच तुलना म्हणून एक स्वस्त बाटली उघडली. गावाबाहेरच्या एका छोट्या मळ्यातली ही वाइन ते फक्त रश्शात घालायला आणत. एक घोट घेतला आणि तिघांनीही एकदमच पुन्हा चमचा सुपात बुडवला. लंबूने आपला ग्लास पुन्हा भरून घेतला.

गोड वाइनवरून भांडण झालं. अप्पांच्या मते गोड वाइन म्हणजे सरबत. लंबूला मात्र तीच आवडली.

"अरे, पण तुला वाइनमधलं..." अप्पा म्हणायला लागले आणि थांबले.

"लंबूसारखी जीभ निम्म्या लोकांची असते," ताई म्हणाली. "माझीही थोडीफार आहे. ते सगळे इथे येऊन तुझी आंबट वाइन तोंड वाकडं करून पितात. ठेव गोड."

पण सगळीकडे अप्पांची माघारच झाली असंही नाही. एक जुनी लाल वाइन ताईने आणि लंबूने एका घोटात नापास केली होती. तुरट, बंद बंद, अंगावर येणारी. अप्पा म्हणाले, तिला हात लावू नका, तासभर नुसती राहू दे. ताई कुरकुरत कांदे चिरायला गेली. तासाने तिने भाजलेल्या कोकराच्या तुकड्याबरोबर पुन्हा घोट घेतला. सुरी खाली ठेवली. आणखी एक घोट घेतला.

"ही तीच आहे?"

"तीच."

"आणि हे तुला माहीत होतं."

"एवढं तर माहीत असायला हवं ना, ताई."

"मग हे लिही की! चामडं कसलं लिहितोस?"

शेवटी जी यादी झाली ती एका जाड कागदाच्या एका बाजूवर मावली. प्रत्येक वाइन कशी लागते ते लंबूला तोंडाने सांगता येईल अशा शब्दांत, आणि ती कशाबरोबर घ्यायची ते. ‘हलकी, आंबटसर, गार. माशाबरोबर उत्तम. कोकरापुढे हिचा टिकाव लागत नाही.’ ‘ही हवी असेल तर आल्या आल्या सांगा, तासभर उघडी ठेवावी लागते.’ ‘गोड आहे. गोड आवडत असेल तर लाजू नका.’ निम्म्याहून अधिक वाइन ग्लासावारी मिळत होत्या, म्हणजे अख्ख्या बाटलीचं धाडस करायला नको. न पिणाऱ्यांसाठी त्याच छोट्या मळ्यातला द्राक्षांचा रस होता. जी संपेल ती त्याच दिवशी पेनने खोडायची असं ठरलं. आणि अगदी खाली अप्पांनी एक ओळ घातली. ‘आवडली नाही तर सांगा, दुसरी देऊ.’

लंबूला ती ओळ काही रुचली नाही. "सगळेच बदलून मागतील, अप्पा. मी पळून पळून मरेन."

तसं काही झालं नाही. फार थोड्यांनी बदलून मागितली. बाटल्या उत्तरेकडच्या गार खोलीत गेल्या, तिथलं टेबलक्लॉथचं कपाट गरम भिंतीपाशी आलं, आणि ताईच्या पराती उजळ माथ्याने तिथेच राहिल्या.

नुकसानही झालं. वकीलसाहेब एका दुपारी दोन अशिलांना घेऊन आले आणि कागद उलटसुलट करून बघू लागले.

"अप्पा, पुस्तक कुठंय?"

"हेच आता."

"हे? ही डॉक्टरची चिठ्ठी वाटते. पाहुण्यांना काय दाखवू मी?"

अप्पांनी समजावून सांगितलं. वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं, जेवले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. अप्पांना ते लागलं. त्यांच्याएवढं पिणारं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. संघटनेच्या कार्यालयातूनही फोन आला. एवढ्या कमी वाइन असतील तर यादी स्पर्धेत बसत नाही, नियमच तसा आहे.

"मग दाराशी जी पाटी आहे तिचं काय करू?"

"ती राहू द्या की. ती जुन्या वर्षाची आहे."

काढली असती तर भिंतीला भोकं दिसली असती, म्हणून ती राहिली.

पण हॉलमध्ये एक फरक पडला. तो आधी लंबूच्या लक्षात आला. यादी आल्यावर आता लोकांचा आवाज खाली जात नव्हता. ते ती एकमेकांना वाचून दाखवत. "ऐक ना, लाजू नका म्हणताहेत," असं म्हणून एक आजीबाई नवऱ्याच्या हातावर चापट मारून हसल्या आणि त्यांनी गोड वाइन मागवली. शेजारशेजारच्या टेबलांवरची अनोळखी माणसं ग्लास उंचावून विचारायची, ती कुठली, सुपाबरोबरची का? अप्पांना पूर्वीपेक्षा कमी बोलावं लागत होतं आणि ओतावं मात्र जास्त लागत होतं.

चालकसाहेबांचा काही पत्ता नव्हता. अप्पांनी आशा सोडली नव्हती, पण फोनही केला नाही. मग एका दुपारी, अगदी न कळवता, ते दारात उभे राहिले. बरोबर मुलगी आणि तो टेबलाखालून लाथा मारणारा दोस्त. लंबूने कागद आणून दिला. चालकसाहेबांनी तो हातभर लांब धरला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला, मधल्या किमतींसकट. कुठेही अडखळले नाहीत.

"कोकरू मागवलंय," ते अप्पांना म्हणाले. "मग ही लाल. तासभरवाली नको, भूक लागलीये. तिच्यावरची."

अप्पांनी बाटली आणली. बूच काढलं, आधी स्वतः हुंगलं, थोडी स्वतःच्या ग्लासात ओतून चाखली, आणि मग चालकसाहेबांना घोटभर दिली. मुलगी श्वास रोखून बघत होती. चालकसाहेबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"ही खराब आहे का?"

"नाही. चांगली आहे."

"नक्की?"

"नक्की. मी आत्ता चाखली."

"मग मला आवडली नाही," चालकसाहेब म्हणाले आणि ग्लास पुढे सरकवला.

"बाबा!" मुलगी पुटपुटली.

"लिहिलंय ना त्यांनी खाली, सांगा म्हणून? मी सांगितलं."

अप्पांनी ग्लास उचलला. "काय नाही आवडलं?"

"घशाला ओढते. कोरडी आहे."

"म्हणजे जरा मऊ हवी. थांबा."

ते आत जाऊन दुसरी बाटली घेऊन आले. पुन्हा हुंगणं, पुन्हा चाखणं. चालकसाहेबांनी या वेळी मुद्दाम वेळ लावला. छताकडे बघितलं, दोस्ताकडे बघितलं, अप्पांना चांगलं ताटकळत ठेवलं, आणि मग मान हलवली.

"ही राहू द्या."

स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "पिंट्या! काय परत आलं? कोकरू परत आलं का?"

"नाही, वाइन परत आली."

"मग दात काय काढतोयस?"

तेवढ्यात चालकसाहेबांच्या दोस्ताने अप्पांच्या बाहीला धरलं. "साहेब, ती पहिलीवाली इकडे द्या ना. मला चालते कोरडी. याला काय कळतंय, आयुष्यभर डिझेलचा वास घेतलाय याने."

"आणि तू काय अत्तराच्या दुकानात होतास?" चालकसाहेब म्हणाले.

अप्पांनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. कोकरू आलं, आणि दोघांचं कुठली वाइन सरस यावरून जे जुंपलं ते ताट पुसून होईपर्यंत चाललं. मुलगी दोन्हीकडचे घोट घेऊन निवाडा द्यायला नकार देत होती. अप्पा ऐकत तिथेच उभे राहिले, शेवटी लंबूने येऊन, खिडकीजवळचं टेबल केव्हाचं हाक मारतंय, असं त्यांच्या कानात सांगितलं.